मॉड म्हणजे मोड

पुंगोल, सिंगापूर
१४ मार्च २०१५

ती. आई,

नमस्कार. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझं ऑफिसात नक्की चालतं काय?" मी म्हटलं, कॉम्प्युटरचं काम. त्यावर तुम्ही म्हणालात, "ते तर आमच्या मिरजेतला मोबाईलची काच बदलणाराही म्हणतो." ते लागलं मला. म्हणून आज नीट सांगते. सारंग राधिकाला घेऊन खाली खेळायला गेलाय, तोवर घरात शांतता आहे.

रॅफल्स प्लेसला सगळ्या मोठ्या बँका. त्यांच्या मधल्या एका इमारतीत आमची छोटी कंपनी. आम्ही विमा कंपन्यांच्या वेबसाइट बांधतो. गाडीचा विमा, प्रवासाचा विमा, कुत्र्यामांजरांचा विमा. हो, इथे तोही असतो. प्रत्येक विम्यासाठी वेबसाइटचा एक वेगळा भाग करावा लागतो, त्याला मॉड्यूल म्हणतात. आणि नवं मॉड्यूल करायची आमची थोर पद्धत अशी की जुन्याचं फोल्डर कॉपी करायचं, वरचं नाव बदलायचं आणि आतली जुनी नावं शोधशोधून पुसायची. एखादं राहतंच. गेल्या महिन्यात प्रवास विम्याच्या अर्जात पासपोर्ट नंबरच्या खाली "चावतो का?" असा प्रश्न राहून गेला होता. एका गृहस्थांनी "क्वचित" असं भरून पाठवलं.

म्हणून मी एक लहानसा प्रोग्राम लिहिलाय. काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं, की नव्या मॉड्यूलचा कोरा सांगाडा तयार. फोल्डर, फायली, सगळं जागच्या जागी. इंग्रजीत अशा कामाला स्कॅफोल्डिंग म्हणतात, म्हणजे परांची बांधणं. मला मात्र तुमचा धंदा आठवला. मी त्याचं नाव 'मांडव' ठेवलंय.

आता त्याला हुकूम द्यायला दोन शब्द हवेत. एक उभं करायला, एक काढून टाकायला. छोटे हवेत, आणि कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्या कुणी आधी पळवलेले नकोत. इंग्रजीतले चांगले शब्द सगळे गेलेत. तुमच्या माणसांना तुम्ही काय म्हणता?

सारंगचं म्हणणं, न सांगता एकदा काम केलं की पुढच्या वेळी सांगून करायला लावतात. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, सप्टेंबरात संपतोय आणि कंपनीने अर्ज केला तरच तो वाढतो, तेव्हा साहेबाच्या डोळ्यांत भरेल असं काही करावं, असं मी त्याला सांगितलं. खरं कारण कंटाळा हेच आहे.

बाबांना नमस्कार.

तुमची,
चैत्राली


मिरज
१७ मार्च २०१५

चि. चैत्राली,

आशीर्वाद. सारंगने पाठवलेल्या टॅब्लेटवर एका बोटाने लिहितेय, तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नकोस.

तुझं पत्र मी तुझ्या सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. एंटर मारला की मांडव उभा, हे ऐकून त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. म्हणाले, "बांबू कुठून येतात?" मी म्हटलं, सिंगापूर आहे, पाइप असतील. अर्धा तास आम्ही दोघं तुझं यंत्र आपल्याकडे आणता येईल का, याचा विचार करत होतो. मग मी पत्र परत वाचलं. असो. तीस वर्षं मांडव घातल्यावर माणसाला दुसरं काही दिसत नाही.

शब्द विचारलेस. उभा करायला 'उभा'. त्यात काय विचारायचं. काढायला गिऱ्हाइकासमोर आम्ही 'उतरवू का' म्हणतो, लग्नघरात वावगं बोलून चालत नाही. आपसांत मात्र 'मोड'. "शनिवारचा हॉल मोड, रविवारचा उभा कर," एवढ्यात आमचा आठवडा संपतो.

पण मोडायच्या आधी विचारायचं, हे तुझ्या यंत्राला शिकव. सांगलीत एकदा लग्न आटोपल्यावर आमच्या माणसांनी दोऱ्या सोडल्या आणि सगळं छत खाली आलं. कोपऱ्यात नवऱ्या मुलाचे काका जेवून आडवे झाले होते. त्यांना काही झालं नाही, पण कापडाखालून ते ज्या भाषेत बोलले ती वऱ्हाडातल्या बायकांनी ऐकली. तेव्हापासून आपला नियम आहे. दोरीला हात लावण्याआधी मुकादम ओरडून विचारतो, "माणसं बाहेर आली का?" आणि कुणीतरी 'हो' म्हणाल्याशिवाय गाठ सुटत नाही.

सारंगला सांग, न सांगता काम करणारी माणसं होती म्हणून तो शिकला.

आई


पुंगोल
११ एप्रिल २०१५

ती. आई,

तुमचे दोन्ही शब्द घेतले. 'मांडव उभा' म्हटलं की मॉड्यूल उभं राहतं आणि 'मांडव मोड' म्हटलं की साफ. विचारायचंही शिकवलं. तुमच्या मुकादमाचं वाक्य जसंच्या तसं, फक्त इंग्रजी अक्षरांत: माणसं बाहेर आली का? पुढे 'वाय' दाबलं तर हो, 'एन' दाबलं तर नाही. मला एकटीलाच वापरायचं होतं, म्हणून गंमत केली.

पण आता एकटी राहिले नाही. शेजारच्या डेस्मंडने माझ्या स्क्रीनवर पाहिलं आणि त्याला हवं झालं. हा डेस्मंड हौगांगला राहतो, सकाळी येताना माझ्यासाठीही काया टोस्ट, म्हणजे नारळाचा जॅम लावलेला पाव, आणतो. बायकोला सातवा महिना आहे. स्वभावाने इतका भिडस्त की कॉपी मशीन अडकलं तरी त्याचीच माफी मागेल. तो "चावतो का" त्याच्याच हातून राहिला होता आणि त्यावरून त्याला लेखी ताकीद मिळालीय. त्यामुळे मांडव पाहून त्याच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. त्याच्याकडून सगळ्या मजल्यावर पसरलं. सगळे त्याला "मंडाऽव" म्हणतात, एखाद्या बेटाचं नाव असावं तसं.

आमचा मॅनेजर अनिमेष, पुण्याचा, तोही खूश आहे. गोह मॅडमना, म्हणजे कंपनीच्या सर्वांत वरच्या बाईंना, त्याने हे दाखवलं. लिफ्टमध्ये मला मराठीत म्हणाला, "पासची काळजी करू नकोस, आपलं माणूस आहे म्हटल्यावर मी बघतो." सारंगला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघतो म्हणजे काय, ते विचारायचं होतंस."

राधिका शाळेत सांगून आलीय की माय आजी बिल्ड टेंट, माय मम्मी ऑल्सो बिल्ड टेंट. टीचरला वाटतंय आपण सर्कशीतले आहोत.

चैत्राली


मिरज
९ मे २०१५

चि. चैत्राली,

महिना होत आला, पत्र नाही. लग्नसराई आहे, मलाही उसंत नाही, पण मी तरी विचारतेय. काल सारंगला फोन केला. म्हणाला, "सगळं मजेत." दहावीत गणितात नापास झाला तेव्हाही तो याच आवाजात "सगळं मजेत" म्हणाला होता.

भांडलात का? भांडला असाल तर चूक त्याचीच असणार, पण तरी कशावरून ते कळव.

आई


पुंगोल
१२ मे २०१५

ती. आई,

भांडलो आहोत, पण ते नंतरचं. आधी दुसरंच झालं.

गेल्या बुधवारी डेस्मंड त्याच्या मॉड्यूलचं नाव बदलायला बसला. विम्याचे दावे भरायचं मॉड्यूल, त्याचं दोन आठवड्यांचं काम. नाव बदलायचा हुकूम मांडवात नाहीच. त्याने यादी पाहिली. त्यात दोनच शब्द, इंग्रजी अक्षरांत, 'उभा' आणि 'मोड'. डेस्मंडने ते 'मॉड' असं वाचलं. मॉड म्हणजे मॉडिफाय, म्हणजे बदल. त्याच्या जागी मीही तसंच वाचलं असतं. त्याने टाइप केलं, एंटर मारलं. मांडवाने विचारलं, माणसं बाहेर आली का? त्याने 'वाय' दाबलं.

मग खुर्ची सरकवून मला म्हणाला, "चैत्राली, माझं फोल्डर कुठे गेलं अं?"

मी विचारलं, "तू हो का म्हणालास?"

"वाचलं ना. मानासा बाहेर अली का. मला वाटलं अलीबद्दल काहीतरी विचारतंय. आमच्याकडे अली आहे ना, अकाउंट्समध्ये. म्हटलं, त्यालाही कळवायचं असेल, कळवा."

मला हसू आलं, आई. नंतर कळलं की त्याने काम कंपनीच्या सर्व्हरवर चढवलेलंच नव्हतं. ताकीद मिळाल्यापासून तो इतका घाबरलेला, की पूर्ण आणि निर्दोष झाल्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. सगळं फक्त त्याच्या मशीनवर होतं आणि माझा मोड कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही, थेट नाहीसं करतो. मग हसू गेलं.

१९ तारखेला विमा कंपनीला हेच मॉड्यूल दाखवायचं आहे. गुरुवारी गोह मॅडमनी बैठक बोलावलीय. काल अनिमेष मला लिफ्टमध्ये म्हणाला, "तू एवढंच सांग, टूलने विचारलं होतं आणि त्याने हो म्हटलं. खोटं काही नाही त्यात."

मी म्हटलं, "प्रश्न मराठीत होता."

"ते त्यांना सांगायची काय गरज? त्याला एक ताकीद आहेच. तुझ्या पासचा कागद माझ्या टेबलावर आहे. दोन्हींची गल्लत करू नकोस."

म्हणजे डेस्मंड जाईल. बायकोचा नववा महिना लागलाय. आणि मी खरं सांगितलं तर कदाचित मी जाईन. सारंग म्हणतो, गप्प बस, राधिकाची शाळा आहे, तुझी नोकरी गेली तर हे घर झेपणार नाही. मी म्हटलं, तू दर वेळी आकडेच मोजतोस. तो म्हणाला, कुणीतरी मोजायला हवेत. तेव्हापासून आम्ही राधिकामार्फत बोलतो. ती दोघांचे निरोप स्वतःच्या मर्जीने बदलते, त्यामुळे काल रात्री आमच्याकडे नूडल्स होते.

तुम्ही काय केलं असतंत?

चैत्राली


मिरज
१३ मे २०१५

चि. चैत्राली,

मी गप्प बसले असते.

माझ्याकडून दुसऱ्या उत्तराची वाट बघत असशील, पण विचारलंस म्हणून सांगते. तो मुलगा स्वतःच्या देशात आहे. त्याची आई जवळ असेल, सासू जवळ असेल, दुसरी नोकरी मिळेल. तुझा कागद गेला तर तुला सामान बांधावं लागेल. आमच्या धंद्यात आम्हीही सगळं सांगत नाही. छत गळलं की 'दव पडलं' म्हणतो.

'मोड' शब्द मी दिला. तो प्रश्नही मीच दिला. तेव्हा पाप लागणार असेल तर माझ्या नावावर टाक आणि सारंगचं ऐक. तो फार क्वचित बरोबर असतो, या वेळी आहे.

नूडल्स रोज देऊ नकोस.

आई


पुंगोल
२४ मे २०१५

ती. आई,

तुमचं पत्र आलेलं बुधवारीच दिसलं. मी ते उघडलं नाही. तुम्ही काय लिहिलं असेल त्याचा अंदाज होता, आणि वाचलं असतं तर ऐकलं असतं. बैठक झाल्यावर उघडलं.

आता काय झालं ते सांगते.

लांब टेबल. एका टोकाला गोह मॅडम, शेजारी अनिमेष, समोर डेस्मंड आणि मी. डेस्मंडने इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो शर्ट पाहूनच मला कसंतरी झालं. अनिमेषने सुरुवात केली. टूल व्यवस्थित आहे, टूलने खात्री करून घेतली, डेस्मंडने न वाचता होकार दिला. मॅडम माझ्याकडे वळल्या. "असंच झालं?"

मी म्हटलं, "पडद्यावर दाखवू का?"

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मी एक खोटं मॉड्यूल उभं केलं आणि 'मांडव मोड' टाइप केलं. प्रश्न आला. मॅडमनी चष्मा लावून तो वाचला. परत वाचला. मग विचारलं, "हा अली कोण?"

डेस्मंड टेबलाकडे बघत होता. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता. मग मलाही आवरेना. अनिमेष इंग्रजीत म्हणाला की यात हसण्यासारखं काही नाही, आणि ते खरं होतं.

मी सांगितलं. ही मराठी आहे, या मजल्यावर ती मला आणि अनिमेषला येते. मोड म्हणजे काढून टाकणं. प्रश्नाचा अर्थ, आत कुणी राहिलं नाही ना. ज्याला हे वाचता येत नाही त्याच्या हातात मी हे दिलं. डेस्मंडने काम चढवून ठेवायला हवं होतं, ते त्याचं. बाकी माझं.

मॅडमनी विचारलं, "कुठली माणसं बाहेर यायची?" मग मला सांगलीचे काका सांगावे लागले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या मंडपात तरी माणसाला प्रश्न कळत होता." आणि अनिमेषला म्हणाल्या, "मराठी तुम्हालाही येते. तुम्ही मला हे दाखवलंत तेव्हा हा प्रश्न तुम्ही वाचला नव्हता?" तो पाणी प्यायला.

डेस्मंडला काढलं नाही. दोघांनी मिळून ते मॉड्यूल मंगळवारच्या आत परत बांधायचं, असं ठरलं. तो शनिवारी सकाळीच आमच्याकडे आला, सोबत बायकोने दिलेला सूपचा डबा. सांगाडा मांडवाने क्षणात उभा केला, आतलं त्याला बहुतेक आठवत होतं. दुसऱ्यांदा लिहिताना पहिल्यापेक्षा कमी लिहावं लागलं. तो इथल्या नेहमीच्या 'लाह'सकट म्हणाला, "पहिलं जरा लठ्ठच झालं होतं लाह."

सारंग दुपारपर्यंत आतल्या खोलीत होता. मग बाहेर आला, स्वतःचा लॅपटॉप उघडला आणि राधिकामार्फत न बोलता थेट मला म्हणाला, "दावे कुणीतरी भरून बघायला हवेत ना?" संध्याकाळपर्यंत त्याने एकट्याने वाट्टेल ते दावे भरले. पोपटाने शेजाऱ्याचा टीव्ही फोडला. मोटार तळ्यात पडली, पण चालकाला पोहता येत होतं. मृत व्यक्तीने स्वतःच्याच विम्याचा दावा केला, आणि आमच्या मॉड्यूलने तो मंजूर केला. ते त्याच्यामुळे सापडलं. मी त्याला म्हटलं, आकडे मोजणारं कुणीतरी हवंच. तो म्हणाला, हे लिहून दे.

मंगळवारी दाखवताना एक पान अडकलं, बाकी ठीक झालं. अनिमेष आता माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलतो. पासचा कागद त्याच्याच टेबलावर आहे.

तुमचं ऐकलं नाही. रागावला असाल तर तसं लिहा.

चैत्राली


पुंगोल
८ ऑगस्ट २०१५

ती. आई,

अडीच महिने तुमचं पत्र नाही. लग्नसराई जूनमध्येच संपते, हे मला माहीत आहे. फोनवर तुम्ही राधिकाशी बोलता, सारंगशी बोलता, आणि माझी पाळी आली की दूध उतू जातं.

तरी बातमी कळवायला हवी. पास वाढला. एकाच वर्षासाठी. इतरांना दोन वर्षांचा मिळतो. कागद अनिमेषने पुढे पाठवलाच नव्हता, मुदत जवळ आली तेव्हा गोह मॅडमनी तो मागवून घेतला. 'एक वर्ष' हे त्यांचं की त्याचं, ते मला कळलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. सारंगने सगळा हिशेब परत मांडलाय, दुसरीकडे अर्ज करायलाही सुरुवात केलीय मी.

मांडव अजून आहे. हुकूम आता इंग्रजीत आहेत. मॉड्यूल काढायचं असेल तर त्याचं पूर्ण नाव हाताने टाइप करावं लागतं, आणि काढलेलंही महिनाभर बाजूला ठेवलं जातं. हे सगळं डेस्मंडने लिहिलंय. त्याला जूनमध्ये मुलगी झाली. तो आता दिवसातून तीनदा काम सर्व्हरवर चढवतो, आणि मुलीचे फोटोही.

उद्या इथे देशाचा पन्नासावा वाढदिवस आहे. आमच्या ब्लॉकच्या प्रत्येक गॅलरीत झेंडा लागलाय. आम्हीही लावलाय, एका वर्षाचे पाहुणे असलो तरी.

तुमची,
चैत्राली


मिरज
१२ ऑगस्ट २०१५

चि. चैत्राली,

दूध एकदाच उतू गेलं होतं. बाकीच्या वेळी मी गॅसपाशी नुसती उभी होते.

रागावले होते, हे खरं. तू ऐकलं नाहीस म्हणून नाही. मी तुला जे लिहिलं ते लिहून बसले होते, आणि तू पत्र न उघडताच ते ओळखलंस, याचा राग आला. सून सासूला इतकी ओळखते, तर लपवायचं काय आणि कुठे.

तुझं मे अखेरचं पत्र मी तुझ्या सासऱ्यांना वाचून दाखवलं. अलीपर्यंत आले आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "तू तिला गप्प बस म्हणून लिहिलं होतंस ना?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "मलाही तसंच वाटलं होतं." चहा मीच टाकला.

एक वर्ष तर एक वर्ष. त्या अनिमेषची मराठी गेली म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. डेस्मंडच्या मुलीसाठी झबली शिवायला घेतलीत, माप सारंगला विचारून कळव. त्याला माहीत नसेल, म्हणजे तूच कळव.

काल माझी धाकटी जाऊ शुभदा आली होती. तिची सून तिच्या शब्दाबाहेर नाही, हे तिने चहाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा सांगितलं. मी ऐकून घेतलं. मग टॅब्लेट आणला आणि तुझं तेच पत्र तिला वाचून दाखवलं, माझं 'गप्प बस'चं पत्र मात्र दाखवलं नाही. संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तुमची सून तुमचं ऐकत नाही तर."

मी म्हटलं, "नाही ऐकत." आणि तिला दुसरा लाडू दिला.

आई